आपला फ्रीजर सुखरूप आहे ना?

आक्रा शहरातल्या एका स्वस्त गेस्टहाउसच्या मालकांना खुलं पत्र

श्री. मालक महाशय,
ऑसूच्या मागची गल्ली, आक्रा, घाना.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या फ्रीजरची काळजी वाटते. मी तिथे होतो तेव्हा त्याची प्रकृती ठणठणीत होती. बाहेर पावसाआधीचा उकाडा, खोलीत पंखा बंद, उशी घामाने चिंब, आणि खाली बारमध्ये आपला फ्रीजर अंगावर बर्फ वागवत निवांत गुरगुरतोय. त्याच्या पोटात बिअर, तिलापिया आणि आपल्या घरच्या कार्यासाठी आणून ठेवलेलं मटण सुखाने नांदत होतं. आपल्या गेस्टहाउसात ज्याची खरोखर बडदास्त ठेवली जाते असा पाहुणा मी एकच पाहिला, तो हा.

मी सिंधुदुर्गातला, काजूच्या धंद्यातला माणूस. आमच्या कारखान्यांना कोकणातली बी वर्षभर पुरत नाही. म्हणून फेब्रुवारी उजाडला की आमच्यापैकी कुणी आयव्हरी कोस्टला निघतो, कुणी गिनी-बिसाऊला, कुणी घानाला. वेंची, टेचिमान, सांपा या भागांतली बी पोत्यांत भरून टेमा बंदरात येते. तिथल्या गोदामात नमुना काढायचा, किलोभर बी मोजायची, एकेक कापायची आणि आतला गर बघायचा. वरून टपोरी आणि आत पोचट अशी बी किती निघते, त्यावर भाव ठरतो. एकदा ही सवय हाताला लागली की सुटत नाही. आपल्या गेटावरची पाटीही मी त्याच सवयीने कापायला घेतली.

पाटीवर लिहिलंय: 24 तास वीज, 24 तास पाणी, एसी खोल्या, समुद्राचं दर्शन, नाश्ता मोफत. कापून पाहिल्यावर सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. 24 तास वीज आहेच. ती त्या पाटीला आहे.

समुद्रही दिसतो. गच्चीवर पाण्याची काळी टाकी आहे, तिच्या लोखंडी शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून डावीकडे मान वाकडी केली की दोन इमारतींच्या फटीतून गिनीच्या आखाताची बोटभर निळी पट्टी दिसते. तिथून जवळच ऑसूचा पांढरा किल्ला आहे, सतराव्या शतकात डेन्मार्कवाल्यांनी बांधलेला. गुलामांच्या व्यापाराचं ते ठाणं होतं, पुढे गोऱ्या गव्हर्नरांनी आणि स्वातंत्र्यानंतर घानाच्या सरकारांनी तिथूनच कारभार केला. एवढा इतिहास आपल्या शिडीवरून फुकटात दिसतो, याबद्दल वेगळा आकार लावला नाहीत हे उपकारच.

एसीबद्दल माझी तक्रार नाही. जुने वापरलेले फ्रिज आणि एसी परदेशातून आणायचे नाहीत असा नियम घानाने 2008 सालीच केला. आपले एसी त्याच्या कितीतरी आधीचे असल्याने कायद्याने निर्दोष आहेत. रिमोट रिसेप्शनवर कुलपात असतो, त्यामुळे मशीनलाही विश्रांती मिळते. टॉवेलविषयी एकच सांगतो. माझ्या टॉवेलच्या कडेला युरोपातल्या कुठल्याशा वृद्धाश्रमाचं नाव निळ्या दोऱ्याने विणलेलं होतं. कांटामांटोच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून किती मैल फिरून तो माझ्या खांद्यावर आला असेल या विचाराने मी त्याला अंग पुसायचं काम सांगितलंच नाही.

भाड्याचं बोलू. 2022 च्या अखेरीस घानात महागाई 50 टक्क्यांच्या वर गेली, तिथलं चलन सेडी कोसळलं, आणि तेव्हापासून आपण खोलीचा भाव डॉलरात सांगायला लागलात. देशाच्या मध्यवर्ती बँकेने कितीदा बजावलंय की परवानगीशिवाय परकी चलनात भाव लावायचे नाहीत. पण आपण कागदावर कुठे लावता? तोंडीच तर सांगता! पुढे 2025 साली गंमत झाली. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला 15 च्या आसपास सेडी पडत होते, मे संपेपर्यंत ते 10 वर आले. सेडी वधारल्याबरोबर आपलं देशप्रेम उफाळून आलं. मी डॉलरचा भाव ठरवून उतरलो होतो, आणि निघताना रिसेप्शनवरच्या मुलीने मान खाली घालून सांगितलं, “प्लीज, आता भाव सेडीत आहे.” कुठल्या सेडीत? जानेवारीच्या. रुपया असा दोन्ही बाजूंनी खाता येतो हे आमच्याकडच्या सावकारांनाही सुचलं नव्हतं.

आता विजेकडे वळतो, कारण खरा मामला तिथेच आहे.

पहिल्या रात्री दिवे गेले तेव्हा मी कुरकुरलो नाही. आम्ही महाराष्ट्रातली माणसं आहोत. भारनियमनाची वेळापत्रकं पेपरात वाचून आम्ही गिरण्या चालवल्या, मुलांनी दहावीचे अभ्यास केले. घानाचं दुखणं मला परकं नाही. तिथे त्याला ‘डुमसोर’ म्हणतात, आणि त्यामागे खरी कारणं आहेत. 2012 साली टोगोच्या समुद्रात चाच्यांनी पकडलेल्या जहाजाचा नांगर फरफटत गेला आणि नायजेरियाहून गॅस आणणारी पाइपलाइन फुटली. गॅस बंद, म्हणून वीजकेंद्रं थंड. मग पाऊस कमी, आकोसोंबोच्या धरणात पाणी कमी, कंपन्यांची देणी थकलेली. एवढं सगळं एका देशाच्या मानगुटीवर बसल्यावर आठ खोल्यांच्या गेस्टहाउसवाल्याने काय करावं? मी मनातल्या मनात आपल्याला माफ करून टाकलं आणि श्वास घ्यायला गॅलरीत आलो.

गल्लीत लख्ख उजेड होता.

समोरच्या ‘चॉप बार’ खानावळीत ट्यूबलाइट, पलीकडच्या शिंप्याकडे मशीन चालू, कोपऱ्यावर केलेवेले तळणाऱ्या बाईच्या डोक्यावर दिवा, आल्या-मिरचीत घोळलेल्या केळ्यांचा वास थेट वर येत होता. अंधार फक्त आपल्या वास्तूतल्या खोल्यांत. खाली येऊन विचारलं तर वॉचमन शांतपणे म्हणाला, “डुमसोर.” मी म्हटलं, सबंध गल्ली सोडून डुमसोर आपल्याच घरी कसा जेवायला आला? तेव्हा तो हसला आणि त्याने भिंतीवरचा प्रीपेड मीटर दाखवला. शिल्लक शून्य. पैसे मोबाइलवरून भरता येतात, दोन मिनिटांचं काम. पण भरायचा अधिकार फक्त आपल्याकडे, आणि आपण फोन बंद करून झोपलेले.

आकोसोंबोच्या धरणाला किती नावं ठेवाल, मालक? बिचारे क्वामे न्क्रुमा, घानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष. जानेवारी 1966 मध्ये त्यांनी त्या धरणाचं उद्‍घाटन केलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांची सत्ता गेली. तेवढ्यावर त्यांचे भोग संपले नाहीत. आपल्या मीटरमध्ये पैसे नसल्याचा ठपकाही आता त्यांच्याच माथी.

तरीही न्याय करायचा तर आपण परंपरा पाळता हे कबूल करायला हवं. आकोसोंबोसाठी सुमारे 80,000 माणसांची घरं पाण्याखाली गेली. त्या धरणाची बहुतेक वीज सुरुवातीला कुठे गेली? टेमाच्या ॲल्युमिनियम कारखान्याला, तीही स्वस्तात. ज्यांची घरं गेली त्यांच्या नव्या वस्त्यांनी पुढे कितीतरी वर्षं कंदिलावर काढली. आमच्या कोयनेकाठची माणसं हे ऐकून नुसती मान डोलावतील. वीज कमी असो की जास्त, ती आधी कुणाला द्यायची हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आक्रामध्ये ते सरकार ठरवतं. मीटरच्या अलीकडे आपण.

आणि आपण काय ठरवलंय ते मी डोळ्यांनी पाहिलं. स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याच्या छपराखाली जनरेटर आहे, पाच केव्हीएचा. शेजारी भिंतीवर चेंजओव्हर स्विच आणि खाली छोटा डबा, पाच एमसीबींचा. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून इलेक्ट्रिशियनने पेनाने नावं लिहिलीत. पहिला ‘बार’. दुसरा ‘फ्रीजर’. तिसरा ‘साइन’, म्हणजे ती पाटी. चौथा ‘बॉस’, म्हणजे आपलं ऑफिस आणि वरची आपली खोली. पाचवा ‘स्पेअर’, रिकामा, त्याला वायरच नाही. खोल्यांचं नाव कुठेच नाही. मी मोबाइलच्या उजेडात पुन्हा वाचलं, कोळ्याचं जाळं बाजूला करून वाचलं. घामाचे थेंब त्या डब्यावर पडत होते आणि मागे जनरेटर फ्रीजरसाठी छाती फोडून धडधडत होता.

तेव्हा लक्षात आलं की यात विसराळूपणा नाही, डोकं आहे. लाइट गेली की खोलीत पाच मिनिटंही बसवत नाही. माणूस खाली येतो. खाली बारमध्ये पंखा चालू, टीव्ही चालू. पंख्याखाली फुकट बसायचं तर संकोच वाटतो, म्हणून माणूस गार बिअर मागवतो. मग दुसरी. लोमेहून कापडाचे गठ्ठे घेऊन आलेली व्यापारीण, लागोसचा मोबाइलचे सुटे भाग विकणारा, एक जर्मन पोरगा आणि हा वेंगुर्ल्याचा काजूवाला, असे आम्ही सगळे रात्री एकपर्यंत आपला गल्ला भरत बसायचो. लाइट असलेल्या दिवशी बार ओस. आपल्या धंद्यात अंधाराइतका इमानी विक्रेता दुसरा नाही, आणि त्याला पगारही द्यावा लागत नाही.

त्या बैठकींत रिसेप्शनवरच्या मुलीला मी मुंबईच्या बाजूचा आहे हे कळलं, आणि माझी किंमत एकदम वाढली. ‘कुमकुम भाग्य’ ही आपली हिंदी मालिका घानात ट्वी भाषेत बोलून दाखवली गेली आणि तिने तिथे घरंच्या घरं वेडी केली. या मुलीने ती पहिल्यापासून पाहिलेली. नायिका प्रज्ञाच्या आईचं मंगल कार्यालय मुंबईत नेमकं कुठे आहे, असं तिने मला फार गंभीरपणे विचारलं. वेंगुर्ल्याहून मुंबई रात्रभराच्या प्रवासावर आहे हे ऐकून तिची निराशा झाली, पण माझ्या खोलीला तिने जरा बरी चादर दिली. आपल्या सबंध आस्थापनेत मला मिळालेली एकमेव सवलत ही, आणि ती आपल्याला ठाऊकही नसेल. ती मुलगी, वॉचमन, स्वयंपाकाची आन्टी यांच्याबद्दल माझा एक शब्दही वाईट नाही. दिवे गेले की ती मुलगी स्वतः बटण बंद केल्यासारखी माफी मागते. वॉचमन जनरेटरला खेटून बाकावर झोपतो. त्या आवाजात माणूस झोपू शकतो हे पाहून मला त्याचा आदर वाटला आणि आपला राग आला.

आवाजावरून आठवलं. आक्रा हे मूळचं गा लोकांचं शहर. होमोवोच्या सणाआधी, मे-जूनमध्ये, तिथे महिनाभर ढोल वाजवायला आणि गोंगाट करायला बंदी असते. पेरणी झालेली, देवांना शांतता हवी, पीक वर यायला हवं, अशी श्रद्धा. एरवी रात्रभर भोंग्यावर प्रार्थना करणारी चर्चंसुद्धा त्या महिन्यात आवाज बेताचा ठेवतात, न ठेवल्यास महापालिकेची माणसं येऊन भोंगे उचलतात. मी नेमका त्या दिवसांत होतो. लाखो लोकांचं शहर देवासाठी दबक्या आवाजात बोलत होतं, आणि त्या पवित्र शांततेत एकटे आपण आपल्या बिअरसाठी ढोल बडवत होता. आपल्या बारच्या वाटेला जायला गा लोकांच्या देवांनाही भीती वाटत असावी.

पाण्याच्या दुखण्याचंही मूळ त्या एमसीबींच्या डब्यातच. नळाचं पाणी येईल तेव्हा ते खालच्या टाकीत साठतं, तिथून पंपाने वर जातं. पंप कुठल्या एमसीबीवर? कुठल्याच नाही. म्हणजे लाइट गेली की तासाभरात वरची टाकी कोरडी, आणि बादली घेऊन आम्ही जिन्यात. प्यायला पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या, 30 पिशव्यांची एक गोणी. लागोसवाल्याने एका रात्री त्याच पिशव्या दाताने फोडून अंघोळ केली. भिजलेला तो माणूस टॉवेलवरचं वृद्धाश्रमाचं नाव मोठ्याने वाचत होता, ते दृश्य पाहण्यासारखं होतं.

डासांचं हसण्यावारी नेणार नाही. तिथला हिवताप म्हणजे दोन दिवस कणकण आणि तिसऱ्या दिवशी कामावर, असला नव्हे. तो थेट डोक्यात जातो. आपल्या खिडक्यांना काचेच्या पट्ट्या आहेत. माझ्या खिडकीतल्या दोन पट्ट्या गळालेल्या आणि त्या फटीत चर्चचं जुनं कॅलेंडर कोंबलेलं. जाळी फाटकी, मच्छरदाणी मागितली तर ‘धुवायला गेलीय’. पंखा फिरत असला की डास जरा लांब राहतात, म्हणून तर पंख्याचं एवढं पुराण लावलंय. हिवतापाची नवी लस आमच्या पुण्यात तयार होते आणि तिला जगात सर्वांत आधी, एप्रिल 2023 मध्ये, मान्यता दिली ती आपल्याच देशाने. अभिमान वाटला. पण ती पाच महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे, आणि माझ्या दाखल्यावर जन्मसाल खाडाखोड करण्यापलीकडे गेलंय.

मोफत नाश्त्यात गोड पाव आणि कोमट पाणी मिळतं, चहाची पिशवी विचारल्यास. मी समोरच्या रस्त्यावर ‘वाचे’ खायचो. ज्वारीच्या जातीच्या पानांत शिजवून लालसर झालेला चवळी-भात, पानात गुंडाळलेला, वर शितोची झणझणीत काळपट चटणी. ती बाई स्वतः जेवत असली की ‘या जेवायला’ म्हटल्याशिवाय घास घेत नाही, अगदी आमच्याकडच्यासारखी. आपल्या दारापासून वीस पावलांवर असं शहर आहे, हे सांगायला हवं, कारण माझं भांडण आक्राशी नाही.

आता हिशोब. निघताना बिलावर एक ओळ होती: जनरेटरचं इंधन. प्रत्येक खोलीला, प्रत्येक रात्रीचं. मी ते पैसे भरले. म्हणजे फ्रीजरच्या मुक्कामाचं भाडं मी भरलं, आणि त्याने मात्र कधी आभार मानले नाहीत. आपलं म्हणणं असतं की खोल्या जोडल्या तर जनरेटरवर भार पडेल. एसी जोडा असं कोण म्हणतंय? छताचा पंखा 75 वॉट खातो. आठ खोल्यांचे आठ पंखे, 600 वॉट. आपल्या ऑफिसात चहाची विजेची किटली आहे, ‘बॉस’ लिहिलेल्या एमसीबीवर. ती एकटी दीड-दोन हजार वॉट ओढते. आपल्या एका कपाच्या उकळीत आमचे आठही पंखे फिरून वर लोमेवाल्या बाईंच्या इस्त्रीला वीज उरली असती.

टेमाला जाताना वाटेत तेशी लागतं. तिथले सुतार माणसाच्या धंद्याला शोभेल अशा आकाराच्या शवपेट्या करतात. कोळ्याला मासा, ड्रायव्हरला मोटार, शेतकऱ्याला कोकोची शेंग. आपल्याला शंभर वर्षं आयुष्य लाभो. पण गोदामाकडे जाताना रोज ती दुकानं दिसायची, आणि आपल्यासाठी फ्रीजर करायला सांगावा की जनरेटर, यावर आमच्या टॅक्सीत एकमत होत नव्हतं. ड्रायव्हरचं मत फ्रीजरला होतं. आत ऐसपैस जागा मिळेल म्हणाला.

पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा येतोय. भत्ता तेवढाच आहे आणि टेमाच्या रस्त्याला आपलंच गेस्टहाउस सोयीचं पडतं, त्यामुळे सुटका दोघांचीही नाही. येताना वेंगुर्ल्याच्या बाजारातून दीड एमएमच्या वायरीची दोन बंडलं घेऊन येतो, पैसे मागणार नाही. इलेक्ट्रिशियन आपला, शिडी आपली. तो पाचवा ‘स्पेअर’ तेवढा कुणाला देऊ नका. आपल्या घरात दुसरा फ्रीजर यायचं घाटतंय असं आन्टींकडून कळलं, म्हणून हे पत्र घाईने लिहिलं.

कळावे,
आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा, कॅलेंडर कोंबलेल्या खिडकीचा भाडेकरू

ता. क. मीटरमध्ये पैसे भरून झोपत जा.